मोहाची दारू घेतली तं मुलींच्या डोपिंग टेस्टमध्ये हार्मोन वाढून दिसते का?

मैदान_अर्जुनी

नमस्कार मंडळी. मी गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावच्या बाजूच्या एका गावात पीटी शिकवतो, कबड्डी अन् ॲथलेटिक्सच्या पोरी पाहतो. माह्याकडची एक पोरगी पंधराशे अन् पाच हजार मीटर धावते, यंदा विद्यापीठाच्या टीममध्ये निवड झाली, आता ऑल इंडिया इंटर युनिव्हर्सिटीले जाणार हाय. तिथं नाडावाले, म्हणजे देशात खेळाडूंची डोपिंग टेस्ट करणाऱ्या संस्थेचे लोक, सॅम्पल घ्यायले येऊ शकतात असं टीम मॅनेजरनं सांगून ठेवलं.

पोरगी गोंड समाजातली, घर कोरचीकडं. मागच्या आठवड्यात चुलतभावाचं लग्न होतं. त्यांच्याकडं मोहाची दारू आधी देवाले देतेत, मंग घरातले बाया-माणसं सगळेच घेतेत, तिनंही घेतली. किती घेतली म्हणून विचारलं तं म्हणे स्टीलचा गिलास अर्धा असंन, कोण मोजून राहिलं तिथं. यात लपवण्यासारखं तिले काही वाटत नाही अन् मलेही वाटत नाही. पण होस्टेलमधल्या एका सिनिअरनं तिच्या डोक्यात भरवलं का दारूनं बाईच्या अंगात टेस्टोस्टेरॉन वाढते, लघवीच्या टेस्टमध्ये ते सापडते अन् चार वर्षांची बंदी लागते. तवापासून पोरगी नीट जेवून नाही राहिली, म्हणते सर मी जातच नाही.

मले एवढंच पाह्यजे, की दारू डोपिंगमध्ये बंद हाय का, दारूनं हार्मोन वाढते हे खरं का अन् खरं असंन तं फक्त बायांचंच का वाढते, अन् तसं रिपोर्टमध्ये दिसलं तं पोरीवर केस होते का. ज्याले नक्की माहीत हाय त्यानंच सांगजा, अंदाजानं नको, पोरीच्या भविष्याचा सवाल हाय.

वर्धेचा_गडी

सर, दारू खेळात बंदच असंन नं, त्यात विचारायचं काय. अन् कोरची म्हणजे गडचिरोली जिल्हा, तिथं १९९३ पासून दारूबंदी हाय, आमच्या वर्ध्यात तं त्याच्याही आधीपासून. पोरगी खेळाडू हाय, तिनं हात लावाले नको होता. तिले चांगली समज द्या, बाकी टेस्टचं काय ते होईन.

सूक्ष्मदर्शक_अकोला

सर, आधी त्या मुलीला सांगा की तिला काहीही होणार नाही, आणि मग बाकीचं वाचा. लग्न होऊन आठवडा झालाय, अर्धा ग्लास घेतला होता, स्पर्धा अजून पुढे आहे. त्या दारूचा हार्मोनच्या आकड्यांवरचा परिणाम कधीच संपला. मी बायोकेमिस्ट्री शिकवते, या विषयावर वाचन आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वर्धेच्या दादांनी लिहिलंय ते बरोबर नाही. वाडाच्या, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या, बंदी यादीत दारू आता नाही. २०१७ पर्यंत फक्त चार खेळांत, म्हणजे तिरंदाजी, हवाई खेळ, मोटर रेसिंग आणि पॉवरबोट यांत, तीही फक्त स्पर्धेच्या वेळी बंद होती, २०१८ पासून तीही यादीतून काढली. त्या त्या खेळाच्या संघटनेचे स्वतःचे नियम असू शकतात, पण ते डोपिंगचं प्रकरण होत नाही. इतिहासात मात्र गंमत आहे, ऑलिम्पिकमध्ये डोपिंगसाठी बाद झालेला पहिला खेळाडू दारूमुळेच बाद झाला, १९६८ ला मेक्सिकोत, स्वीडनचा हान्स-गुन्नार लिल्येनवाल, मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये पिस्तूल मारायच्या आधी हात स्थिर राहावा म्हणून बिअर प्यायला आणि संघाचं कांस्यपदक गेलं. धावणाऱ्या मुलीला याच्याशी काही देणंघेणं नाही.

आता हार्मोनचं. त्या सिनिअरने जे सांगितलं त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच ती भीती इतकी पसरते. दारू पोटात गेली की यकृत ती मोडायला घेतं, मोडताना एनएडी नावाचा एक रेणू खर्च होतो आणि त्याचा एनएडीएच होतो. भरपूर दारू असली की यकृतात एनएडीएचचा ढीग साचतो, आणि ज्या ज्या रासायनिक क्रिया या जोडीवर चालतात त्यांची दिशा बदलते. आपल्या अंगात अँड्रोस्टेनेडायोन नावाचा कच्चा हार्मोन असतो, त्याच्यापासून टेस्टोस्टेरॉन बनतं आणि टेस्टोस्टेरॉनपासून परत अँड्रोस्टेनेडायोनही बनतं, ही ये-जा चालूच असते. एनएडीएच साचला की ही ये-जा टेस्टोस्टेरॉनच्या बाजूला झुकते. शिवाय टेस्टोस्टेरॉन पुढे मोडून अँड्रोस्टेरोन आणि इटिओकोलॅनोलोन होऊन लघवीतून बाहेर पडतं, तो रस्ता दारूने मंदावतो. जिनिंगच्या फाटकात कापसाच्या गाड्या अडल्या की मागे रांग वाढत जाते तसं होतं, म्हणजे टेस्टोस्टेरॉन थोडं जास्त बनतंय आणि पुढे सरकतंय कमी.

फक्त बायकांचंच का, हा सरांचा प्रश्न अगदी नेमका आहे. पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन मुख्यतः वृषणात बनतं आणि रक्तात त्याचं प्रमाण बायकांच्या दहा-पंधरा पट तरी असतं, त्यात यकृताच्या या गडबडीने थोडी भर पडली तरी फारसं जाणवत नाही, उलट पुरुषाने खूप प्यायली तर रक्तातलं टेस्टोस्टेरॉन कमीच होतं. बाईच्या अंगात मात्र साधारण निम्मं टेस्टोस्टेरॉन थेट ग्रंथीतून येतच नाही, ते अँड्रोस्टेनेडायोनपासून यकृतात, चरबीत, कातडीत बनतं. म्हणजे ज्या ठिकाणी दारू गडबड करते तीच बाईची निम्मी पुरवठ्याची जागा आहे. फिनलंडमध्ये यावर बरंच काम झालंय, तिथे तरुण बायकांना मध्यम प्रमाणात दारू दिली तरी काही वेळात रक्तातलं टेस्टोस्टेरॉन वाढलेलं आणि अँड्रोस्टेनेडायोन घटलेलं दिसलं, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये हे जास्त स्पष्ट होतं. त्यात बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, वजन कमी, म्हणून तेवढ्याच दारूने रक्तातली पातळी जास्त चढते.

लघवीत काय बघतात ते पुढच्या पोस्टमध्ये लिहिते, लेक्चर आहे.

भाला_यवतमाळ

ताईंनी चांगलं सांगतलं. मी भालाफेक करत होती, नॅशनल खेळली, माह्या दोन-तीन टेस्ट झाल्या म्हणून सॅम्पल कसं घेतेत ते सांगते, कारण गावच्या पोरीची खरी दहशत तिथंच असते, कागदावरच्या आकड्याची नाही.

इव्हेंट संपला का एक बाई येते, आपलं कार्ड दाखवते अन् म्हणते तुमची निवड झाली. त्याच्यानंतर ती सावलीसारखी सोबत राहते, मेडल घ्यायले जा, कूल डाऊन करा, ती सोबतच. सॅम्पल देताना बाईच असते समोर, माणूस नसते, हे पोरीले आधी सांगजा. पण ती डोळ्यानं पाहते लघवी भांड्यात जाऊन राहिली का नाही. टी-शर्ट वर घ्या, पॅन्ट गुडघ्याखाली घ्या असं म्हणते. माह्या पहिल्या टेस्टच्या वेळेस मले हे कोणी सांगतलं नव्हतं, लाजेनं लघवीच होईना, संध्याकाळ झाली, बाकीची टीम बसमध्ये बसून राहिली अन् मी आतमध्ये रडून राहिली. नव्वद मिली पाह्यजे असते कमीत कमी. कमी झाली तं ते झाकून सील करून ठेवतेत अन् परत बसा. मंग घाबरून भसाभसा पाणी पेलं का लघवी पातळ होते, ते लगेच पाहतेत अन् पातळ निघाली तं पुन्हा द्या. म्हणून घोट-घोट पाणी प्यायचं, अन् सील असलेली बाटली स्वतःच्या हातानं उघडायची, दुसऱ्यानं दिलेलं काही प्यायचं नाही.

भांडं आपणच निवडायचं, दोन बाटल्या असतेत, ए अन् बी, त्यावरचा नंबर अन् कागदावरचा नंबर जुळवून पाहायचा, ओतायचंही आपणच. झाकण फिरवलं का टिकटिक आवाज येते, आवाज बंद होईपर्यंत फिरवायचं. कागदावर मागच्या सात दिवसांत घेतलेल्या गोळ्या, औषधं, पावडर लिहायले जागा असते. तिथं सगळं लिहायचं. हे लिहिलं तं आपल्यावरच येईन असं पोरींले वाटते, ते चूक हाय.

सर तुम्ही सोबत जाऊ शकता, खेळाडूले आपला एक माणूस सोबत न्यायचा हक्क असते. तुम्ही आत टॉयलेटमध्ये नाही जाणार पण बाहेर बसलेले असले तरी पोरीले धीर येते.

वर्धेचा_गडी

ताई, २०१८ चं मले माहीत नव्हतं, सांगितल्याबद्दल आभार. पण मंग एक शंका येते. जर दारूनं टेस्टोस्टेरॉन वाढते हे मान्यच हाय, तं ज्यानं खरंच इंजेक्शन घेतलं तो म्हणेन मी दारू पेलो होतो. सुटला का मंग तो?

सूक्ष्मदर्शक_अकोला

दादा, हा प्रयत्न करून झालाय, तोही मोठ्या खेळाडूंनी. अमेरिकेचा धावपटू डेनिस मिचेल १९९८ मध्ये सापडला तेव्हा त्याने आदल्या रात्रीची बिअर आणि बायकोबरोबरची रात्र हे कारण सांगितलं होतं, त्याच्या देशाच्या संघटनेने ते मानलंही, पण आंतरराष्ट्रीय संघटनेने दोन वर्षांची बंदी घातलीच. २००६ च्या टूर दी फ्रान्स या सायकल शर्यतीत फ्लॉइड लँडिसनेही आदल्या रात्री व्हिस्की घेतल्याचं सांगितलं, त्याचंही विजेतेपद गेलं. का गेलं ते समजलं की सरांच्या मुलीची भीतीही जाईल, म्हणून नीट सांगते.

लघवीत टेस्टोस्टेरॉनबरोबर एपिटेस्टोस्टेरॉन नावाचा त्याचा एक जुळा रेणू असतो. तो अंगात काही विशेष काम करत नाही, पण बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं तर तो वाढत नाही. म्हणून दोघांचं गुणोत्तर बघतात, टी-ई रेशो म्हणतात त्याला. बहुतेकांचा एकच्या आसपास असतो. पूर्वी सहाच्या वर गेला तर संशय धरायचे, २००५ पासून ती मर्यादा चार केली. दारूने टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि एपिटेस्टोस्टेरॉन जवळपास तसंच राहतं, म्हणजे रेशो वर जातो, कोणात जरासा, कोणात चांगलाच. बायकांच्या लघवीत हे दोन्ही इतके थोडे असतात की थोड्याशा फरकानेही भागाकार हलतो. त्यात पाळीच्या चक्रात एपिटेस्टोस्टेरॉन खालीवर होतं, गर्भनिरोधक गोळ्यांनी ते कमी होतं, गरोदरपणात सगळंच बदलतं. माझं स्पष्ट मत आहे की ही लघवीची पद्धत मुळात पुरुषांच्या शरीराकडे बघून उभी राहिली आणि बायकांना नंतर तिच्यात बसवलं. २०१४ पासून प्रत्येक खेळाडूचा स्वतःचा स्टेरॉइड पासपोर्ट ठेवतात, म्हणजे तिच्या आजच्या आकड्याची तुलना तिच्याच जुन्या आकड्यांशी होते, तेव्हापासून बरंच सुधारलं. २०२३ पासून रक्तातल्या टेस्टोस्टेरॉन आणि अँड्रोस्टेनेडायोनचंही असं मोजमाप सुरू केलंय, बायकांसाठी ते जास्त भरवशाचं आहे. पण रक्तातही दारूचा प्रश्न उरतोच, कारण दारू नेमकं याच दोघांचं प्रमाण बदलते.

आता दारूचं सोंग का चालत नाही. लॅबला दारू कळते. दारू अंगात मोडली की तिचा एक छोटा भाग इथाइल ग्लुकुरोनाइड होऊन लघवीत येतो, आणि हे दारू उतरल्यावरही टिकतं, जास्त प्यायली असेल तर दोन-तीन दिवससुद्धा. हार्मोनचा गोंधळ त्याच्या आधीच संपलेला असतो. लघवीत हे मिलीलिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर निघालं की त्या सॅम्पलच्या हार्मोनच्या आकड्यांवर शेरा बसतो की दारूमुळे हे बिघडलेले असू शकतात, आणि ते आकडे पासपोर्टमध्ये धरत नाहीत. म्हणजे प्यायलेल्या बाईचा रेशो वाढलेला दिसला म्हणून केस होत नाही. पण दारू सापडली म्हणून चोर सुटला असंही नाही.

कारण शेवटचा निकाल वेगळ्या मशीनवर लागतो, आयआरएमएस म्हणतात. ते टेस्टोस्टेरॉन किती आहे हे बघत नाही, ते कशापासून बनलंय हे बघतं. कारखान्यात टेस्टोस्टेरॉन सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून काढलेल्या कच्च्या मालातून बनवतात. सोयाबीनमध्ये कार्बन-१३ हा जड कार्बन कमी असतो, ज्वारी, मका, उसात तो जास्त असतो. माणूस सगळं मिळून खातो, म्हणून त्याच्या अंगात बनलेल्या हार्मोनमध्ये त्या खाण्याचं मिश्रण उतरतं. आता कोणी म्हणेल आमच्याकडे ज्वारीची भाकर जास्त, दुसरीकडे भात जास्त, मग फरक पडेल. पडतो, म्हणून मशीन त्याच खेळाडूच्या लघवीतला दुसरा एखादा नैसर्गिक स्टेरॉइड घेऊन त्याच्याशी टेस्टोस्टेरॉनची तुलना करतं. दोन्ही तिच्याच ताटातल्या अन्नापासून बनले असतील तर कार्बन जुळतो, इंजेक्शनचं असेल तर जुळत नाही. दारूने टेस्टोस्टेरॉन कितीही वाढू दे, ते तिच्याच अंगातलं असतं, त्याचा कार्बन बदलत नाही. सर, हे एवढं वाक्य त्या मुलीला सांगा. लँडिसचं टेस्टोस्टेरॉन याच तपासणीत बाहेरचं निघालं होतं.

पवनी_रनर

हे वाचून एक विचारतो. धावपटू दुती चंदले २०१४ मध्ये टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून बाहेर केलं होतं नं? तिनं तं काही घेतलं नव्हतं. मंग दारूनं वाढलं तरी तसंच होऊ शकते का? आमच्या ग्रुपवर पोरी हेच विचारून राहिल्या.

सूक्ष्मदर्शक_अकोला

नाही, ते खातंच वेगळं आहे. दुतीचं प्रकरण डोपिंगचं नव्हतंच, तिच्यावर काही घेतल्याचा आरोप नव्हता. महिला गटात कोणी खेळायचं याचे जे नियम होते त्यातलं ते होतं, जन्मतः अंगात टेस्टोस्टेरॉन जास्त असण्याबद्दलचं. ती लोझानच्या क्रीडा लवादात गेली, २०१५ मध्ये लवादाने तो नियम स्थगित केला आणि ती २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये धावली. दारूने होणारी वाढ काही तासांची असते आणि बाईच्या पातळीच्या हिशेबातच असते, तिचा त्या नियमांशी संबंध नाही. मुलींच्या ग्रुपवर हे दोन विषय एकत्र झाले की फार नुकसान होतं, चांगल्या मुली खेळ सोडतात. कृपया तिथे हे टाका.

भाला_यवतमाळ

मले एक महत्त्वाचं सांगायचं राहिलं अन् हे दारूपेक्षा लय मोठं हाय. स्पर्धेच्या तारखेले पाळी येणार असली का पोरी मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायची गोळी आणतेत. घरी पूजा असली, लग्न असलं तरी आई स्वतः आणून देते, कोणाले त्यात औषध वाटतच नाही. त्या गोळीत नॉरएथिस्टेरोन असते. गोळी बंद नाही, घेता येते. पण ती अंगात मोडली का लघवीत थोडं १९-नॉरअँड्रोस्टेरोन निघते, अन् नँड्रोलोन नावाचं स्टेरॉइड घेतल्यावरही तेच निघते. लॅबवाले गोळीचीच निशाणी वेगळी शोधतेत म्हणून बहुतेक वेळा निभते, पण कागदावर गोळीचं नाव लिहिलेलं असलं तं सगळ्यांचं काम सोपं होते. माह्यासोबतची एक पोरगी लाजेनं लिहीतच नव्हती, समोर टीमचे सर उभे होते म्हणून. सर, तुम्ही पुरुष हा, तुमच्यासमोर पोरगी लिहिणार नाही, म्हणून हे आधीच बोलून ठेवा नाहीतं बाईमाणसाकडून बोलवा.

अन् दुसरं, वजन वाढवाची पावडर, बिनालेबलच्या डब्यातली, जिमवाला देते ती. तिच्यात काय मिसळलं हे देवाले माहीत. बंदी लागलेल्या खेड्यातल्या पोरी मी पाह्यल्या, त्या दारूनं नाही गेल्या, त्या कोणीतरी ताकदीचं म्हणून दिलेल्या पावडरीनं अन् इंजेक्शननं गेल्या. नियम असा हाय का तुमच्या अंगात सापडलं तं जबाबदार तुम्ही, कोणी दिलं ते नंतर. हे पोरींच्या मायबापाले कोणीच सांगत नाही, कोच सांगत नाही, विद्यापीठ सांगत नाही, मले याचा लय राग येते. पोरीनं पहाटे उठून शेताच्या बांधावर धावून जे कमावलं ते एका डब्यापायी जाते.

मैदान_अर्जुनी

ताई, दोघींचेही लय आभार. काल संध्याकाळी पोरीले मैदानावर बसवून मोबाईलवर हे सगळं वाचून दाखवलं. कार्बनवालं तिले दोनदा वाचून दाखवाले लागलं पण समजलं, म्हणे म्हणजे सर ते माहं हाय का विकतचं हाय हे पाहतेत. तसंच म्हटलं मी. आज सकाळी प्रॅक्टिसले आली.

पाळीच्या गोळीचं मी आमच्या शाळेतल्या मॅडमले सांगतलं, त्या सगळ्या पोरींशी बोलणार हायेत.

अजून दोन गोष्टी. एक, तिच्या मायनं तिले पाळीच्या दुखण्यासाठी अशोकारिष्ट सुरू केलं, बाटलीवर अल्कोहोल लिहिलं हाय, पाच ते दहा टक्के. हे दारूत धरतेत का? दोन, आता पुढं कोणत्या लग्नात जाईन तं किती दिवस आधी बंद ठेवाले पाह्यजे? एप्रिलात तिकडं घरोघरी मोह असते, नातेवाईक आग्रह करतेत, अगदीच नाही म्हणणं तिले जड जाते.

सूक्ष्मदर्शक_अकोला

सर, मुलगी मैदानावर आली हे वाचून फार बरं वाटलं.

अरिष्टात आणि आसवात आंबवताना आपोआप अल्कोहोल तयार होतं, ते बाटलीवर छापतात. पण मात्रा बघा. चार चमचे म्हणजे वीस मिली घेतलं आणि दहा टक्के धरलं तरी दोन मिली अल्कोहोल, दीड ग्रॅमच्या आसपास. याने हार्मोन हलत नाहीत. तुलनेसाठी, १८० मिलीच्या व्हिस्कीच्या पव्व्यात साठ ग्रॅम अल्कोहोल असतं. शरीर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम मोडतं, म्हणजे पव्वा उतरायला सहा ते आठ तास, पन्नास किलोच्या मुलीला त्याहूनही जास्त धरा. मोहाचं मात्र गणित करता येत नाही, घरी गाळलेली असते, पहिल्या धारेची आणि नंतरची यांच्यात खूप फरक असतो, म्हणून ग्लास मोजून उपयोग नाही.

अरिष्ट चालू ठेवायचं असेल तर माझी हरकत अल्कोहोलला नाही, आत कोणती कोणती वनस्पती आणि आणखी काय आहे याला आहे. ओळखीच्या कंपनीची सीलबंद बाटली, लेबलचा आणि बॅच नंबरचा मोबाईलमध्ये फोटो, आणि फॉर्मवर नाव. सुट्टं, वैदूने बाटलीत भरून दिलेलं स्पर्धेच्या काळात नको. डॉक्टरने लिहिलेलं औषध असेल तर नाडाचं नो युअर मेडिसिन नावाचं अ‍ॅप आहे, त्यात नाव टाकून बघा.

किती दिवस आधी, तर हार्मोनचे आकडे एका दिवसात, फार तर दीड दिवसात जागेवर येतात. लघवीतली दारूची खूण तीन दिवसांपर्यंत जाऊ शकते. सॅम्पलच्या वेळी ती निघाली तर केस होत नाही, पण तिच्या पासपोर्टमधली एक चांगली नोंद वाया जाते. ते तिचंच नुकसान आहे, कारण पासपोर्टमध्ये स्वच्छ नोंदी जितक्या जास्त तितकं पुढे कधी काही खालीवर दिसलं तर ते तिच्या बाजूने बोलतं. म्हणून स्पर्धेआधी चार-पाच दिवस काही नको एवढं पुरे. तशीही टेस्ट स्पर्धेबाहेर कधीही होऊ शकते, तिचं नाव टेस्टिंग पूलमध्ये, म्हणजे कधीही तपासायच्या खेळाडूंच्या यादीत, गेलं की घरी सकाळी सहालाही येतील. त्यावेळी आदल्या दिवशी घेतली असेल तर सॅम्पल घेणाऱ्या अधिकाऱ्याला सरळ सांगायचं, फॉर्मवर शेरा लिहायला जागा असते तिथे लिहून घ्यायचं. आणि काही झालं तरी सॅम्पल द्यायला नाही म्हणायचं नाही, पळायचं नाही, ते मात्र खरंच चार वर्षांच्या बंदीचं प्रकरण आहे. टेस्टसाठी निवड झाल्यावर तुमची मुलगी जर घाबरून स्टेडियममधून निघून गेली तर काहीही न घेता अडकेल.

एक अजून. सॅम्पल उन्हात राहिलं तर बॅक्टेरियामुळेही टेस्टोस्टेरॉनचे आकडे बिघडतात. ब्रिटनची आठशे मीटरची धावपटू डायान मोडाल, १९९४ ला लिस्बनमध्ये तिचा रेशो ४२ आला होता. ते सॅम्पल गरमीत तसंच पडून होतं हे पुढे आलं आणि ती सुटली, पण तोवर तिचं करिअर, पैसा, सगळं पणाला लागलं होतं. आपल्याकडे मे महिन्यात मैदानावर काय तापमान असतं ते सांगायला नको. बाटल्या सील झाल्या की त्या थंड ठिकाणी ठेवतायत का हे विचारायला लाजू नका, आणि कागदाची आपली प्रत घेतल्याशिवाय तिथून उठू नका.

भाला_यवतमाळ

कागदाची प्रत, हे ताईंनी चांगलं आठवण करून दिलं. घरी नेऊन प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवाले सांगजा, सॅम्पल दहा वर्षांपर्यंत ठेवतेत ते लोक अन् पुन्हा तपासू शकतेत. नातेवाईकांच्या आग्रहाचं म्हणाल तं देवासमोरचं बोटभर ओठाले लावून गिलास आत्याकडं द्यायचा, माह्या ओळखीच्या कोरकू पोरी मेळघाटात असंच करतेत, कोणी वाईट नाही मानत. इंटर युनिव्हर्सिटी कुठं हाय यंदा? जवळ असंन तं मी येते सर, सॅम्पलच्या वेळेस पोरीसोबत बाईमाणूस राहीन.